जसमतीचं कपाळ

कांगड्याजवळच्या खनियाऱ्याच्या खाणीवर जसमतीएवढं ओझं उचलणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. पुरुष धरून सांगतो. मी बरीच वर्षं तिच्या मागे चाललो आहे. मागून चालणाऱ्याला पुढच्याच्या पोटऱ्या दिसतात. ओझं खरं किती आहे ते पोटऱ्यांवरून कळतं.

खाण वर होती आणि खेचरांचा रस्ता खाली. मधला उतार माणसांनी वाहायचा. छपराला घालायच्या दगडी पाट्या एकावर एक रचायच्या, दोराने बांधायच्या, पाठीवर टेकवायच्या आणि नाम्लो कपाळावर घ्यायचा. नाम्लो म्हणजे विणलेला रुंद पट्टा. कांगड्याच्या बायका डोक्यावर चुंबळ ठेवून वाहतात, आम्ही गोरखे कपाळाने वाहतो. कपाळातून मानेत, मानेतून कण्यात, कण्यातून पायांत असं ओझं उतरत जातं. पट्टा जरा वर सरकला तर मान मागे ओढली जाते, खाली आला तर डोळ्यांवर येतो. त्याची जागा ठरलेली. लहानपणापासून वाहणाऱ्याची तिथली कातडी जाड आणि गुळगुळीत होते. जसमतीची कातडी जुवाखालच्या बैलाच्या मानेसारखी झाली होती.

आणि तिला नाक नव्हतं.

तिचा नवरा हर्कबीर पलटणीत होता. रजेवर आला तेव्हा कुणीतरी त्याला सांगितलं, तुझी बायको खाणीच्या मुन्शीशी हसून बोलते. मुन्शी बेलीराम सगळ्यांशीच हसून बोलायचा. ओझं कमी लिहायचं असलं की जरा जास्तच हसायचा. हर्कबीरने काही विचारलं नाही. खुकुरी काढली. शेंडा आणि दोन्ही नाकपुड्या गेल्या. तो पलटणीत परत गेला आणि पुढे लढाईत बर्मात मेला. त्याचं पेन्शन छावणीतल्या दुसऱ्या बाईला लागलं.

जखम पुरती सुकायच्या आत जसमती डोळ्यांखाली फडकं बांधून खाणीवर आली. मनसरी, तिची मुलगी, तेव्हा अंगावर पीत होती.

पोरं मागून ओरडायची, "ए नकटे!"

ती थांबायची, मागे वळायची. "तुला आहे ना नाक? मग ये, घे त्याच्यावर ही पाटी."

बाकीचे हसायचे. पोर गप्प व्हायचं. ती पुढे चालायला लागायची. मला ती काइँला म्हणायची, म्हणजे चौथा. आई-बापाच्या चौथ्या मुलाला आमच्यात तेच नाव पडतं. मी तिला दिदी म्हणायचो.

मनसरीच्या कपाळाला तिने नाम्लो लागू दिला नाही. घरचं पाणीसुद्धा स्वतः भरायची. पोरगी पलटणीच्या शाळेत चार इयत्ता शिकली, शिवणकाम शिकली. हात मऊ, चालणं हळू. आम्ही चिडवायचो, "दिदी, तुझ्या पोरीला घरच्या घरी न्यायलासुद्धा हमाल लागेल." ती म्हणायची, "लागू दे. मी आहे ना."

लढाई संपली त्या वर्षी मनसरीला स्थळ आलं. जसमतीचा थोरला भाऊ पदमलाल, निवृत्त हवालदार, त्याने आणलं. मुलगा छावणीच्या गोदामात कारकून. बाप सुबेदार तिलबिक्रम, वरच्या धारेवर, म्हणजे डोंगराच्या माथ्यावर, दगडी घर, छपराला आमच्याच खाणीच्या पाट्या. सुबेदार स्वतः बघायला आला. चहा प्याला, पोरगी पाहिली, पसंत पडली. मी आणि आणखी दोघे अंगणात बसलो होतो. जसमती दाराआड होती.

सुबेदार पदमलालला म्हणाला, "हवालदारसाहेब, एकच गोष्ट आहे."

"बोला ना, सुबेदारसाहेब."

"लग्नात आईने मुलीचे पाय धुवायचे. मांडवात, सगळ्यांसमोर. माझे पाहुणे पलटणीतले आहेत. त्या दिवशी काय झालं होतं, खरं काय, खोटं काय, ते मला ऐकायचं नाही. पण कापलेलं नाक बघून माणूस आपल्या मनाने ठरवतो."

"मग पाय मामी धुवेल."

"आई जिवंत असताना? मग तर सगळेच विचारतील." त्याने पेला खाली ठेवला. "कांगड्यात हकीम आहेत. नाक करून देतात. पिढ्यान्पिढ्या करतात. लोक पंजाबातून येतात तिथे, आपल्याला एका दिवसाची वाट आहे."

तो गेल्यावर जसमती बाहेर आली. भावाला म्हणाली, "दाइ, मला नाक नकोय. इतकी वर्षं चाललं."

"तुझं चाललं. पोरीचं चालायला नको?"

पावसाळा संपल्यावर आम्ही कांगड्याला गेलो. पदमलाल, जसमती, मनसरी आणि मी. मला पदमलालने आणलं होतं. धरायला माणूस लागेल, आणि त्याचे स्वतःचे गुडघे गेले होते.

हकीम म्हातारा होता, बोटं लांब आणि स्वच्छ. आधी वैदू असेल असं वाटलं होतं, पण माणूस कामाचा दिसला. हत्यारं एका फडक्यावर रांगेत मांडलेली. त्याने जसमतीचं फडकं काढलं, चेहरा उजेडाकडे वळवला आणि बराच वेळ नुसता बघत राहिला. मग त्याने कागद घेतला, दुमडला, कातरला आणि तिच्या नाकाच्या जागी बसवून पाहिला. पुन्हा कातरला. तो कागद उलगडून त्याने तिच्या कपाळावर ठेवला, निमुळती बाजू खाली, रुंद बाजू केसांकडे.

"एवढी कातडी इथून सोडवायची," तो म्हणाला. "भुवयांच्या मध्ये जोडलेली ठेवायची, तिथून तिला रक्त मिळतं. मग पिळा देऊन खाली वळवायची आणि शिवायची. नाकाने धरलं की मधला पूल कापायचा."

जसमती म्हणाली, "आणि कपाळ?"

"कपाळ भरून येतं."

"नाम्लो घेता येईल?"

हकीमाला नाम्लो कळेना. मी माझा काढून दाखवला. त्याने तो हातात घेतला, ताणला, माझ्या कपाळावर अंगठा दाबून पाहिला आणि मग तिच्या.

"हे मला आजवर कुणी विचारलं नाही," तो म्हणाला. "माझ्याकडे जमीनदार येतात, शिपाई येतात, बायका येतात. ओझंवाला कुणी आला नाही. भरलेली कातडी पातळ असते, बाई. खाली हाडच. ती एवढा ताण घेईल असं मी सांगणार नाही."

"दुसरीकडून नाही घेता येत?"

"गालावरून येते. जुनी पद्धत तीच. पण गालाची कातडी लहान पडते, नाक आखडतं. दोन-चार वर्षांत बसकं दिसेल. गालावर वळही राहील."

"गालावरून घ्या," जसमती लगेच म्हणाली.

पदमलाल उखडला. "बसकं नाक! त्यापेक्षा नसलेलं काय वाईट? सुबेदाराला असलं नाक चालेल का?"

"लग्नाच्या दिवसापुरतं उभं राहिलं की झालं."

"आणि पुढे? नातवंडांच्या बारशाला फडकं बांधून जाणार?"

"जाईन. नाहीतर नाही जाणार. पण दाइ, खाईन काय मी?"

"मी नाही का?"

हे तो म्हणाला. मी तिथे होतो.

मनसरी इतका वेळ खाली बघत होती. मग ती आईजवळ जाऊन बसली. "आमा," ती म्हणाली, "गाल नको गं. गाल दिसतो. नाक लहान, त्यात गालावर डाग. ते म्हणतील, नवीन केलं तेही धड नाही. कपाळावर ओढणी येते. कुणाला दिसणारसुद्धा नाही." आणि थोडं थांबून, "किती दिवस वाहणार आहेस अजून? आता पुरे की."

तिने हे प्रेमाने म्हटलं. मी त्या पोरीला दोष देत नाही. कपाळाने काय होतं हे तिला ठाऊकच नव्हतं. जसमतीने तिला ठाऊक होऊ दिलं नव्हतं.

जसमतीने हकीमाकडे पाहिलं. "कपाळावरून घ्या."

त्याने तिला भांग दिली. ती तिला फारशी चढली नाही. मी पाय धरले. बायकांचे पाय धरायला एक माणूस पुरतो असं हकीमाच्या माणसाला वाटत होतं. त्याला मग माझ्या मदतीला यावं लागलं. पण तिने लाथ मारली नाही. पाय फक्त ताठ झाले, चढावर ओझं घेऊन उभं राहताना होतात तसे. हकीमाने घाई केली नाही. काम चोख होतं. साल सोलावी तशी कातडी निघाली, भुवयांमध्ये एका पट्टीने जोडलेली. जुन्या नाकाच्या कडा त्याने खरवडून ताज्या केल्या, कातडी वळवून बसवली, टाके घातले. नाकपुड्यांत फडक्याच्या दोन सुरळ्या घातल्या, वाट बुजू नये म्हणून. कपाळावर लेप लावून पट्टी बांधली. आणि मग तो उठला आणि पाठ धरून भिंतीला टेकला. त्या कामाला किती जोर लागतो ते मला तेव्हा कळलं.

पूल कापायला ती पुन्हा गेली तेव्हा कपाळ भरत आलं होतं. मधोमध गुलाबी, चकचकीत कातडी. हकीमाने अंगठा दाबला. म्हणाला, "एक हिवाळा जाऊ दे, एक उन्हाळा जाऊ दे. मग बघू. त्याच्या आधी तो पट्टा लावू नकोस."

लग्न झालं. नाक चांगलं होतं. जरा जाड, पण सरळ. तिने मांडवात तोंड उघडं ठेवून मुलीचे आणि जावयाचे पाय धुतले. सुबेदाराचे पाहुणे बघत होते आणि मान न वळवता बघत होते. सुबेदाराची बायको, आता तिची विहीण, जवळ येऊन म्हणाली, "समधिनी, किती छान दिसता!" पंक्तीत जसमती माझ्या शेजारून वाढत गेली. तिच्या नाकावर माशी बसली, आणि तिने हात नेला तो कपाळावर. मी बघितलं हे तिने बघितलं.

"तिथेच वाटतं," ती हळूच म्हणाली. "नाकाला काही लागलं की कपाळाला लागल्यासारखं होतं. ती कातडी अजून वरच आहे असं समजते."

"जाईल ते," मी म्हणालो.

"जाऊ दे की राहू दे," ती म्हणाली आणि भाताचं घमेलं घेऊन पुढे गेली.

पदमलालने लग्नानंतर काही महिने तांदूळ पाठवला. मग त्याच्या मुलाचं लग्न निघालं, आणि तांदूळ यायचा थांबला. तो आठवणही काढेना आणि तीही काढेना. हिवाळा गेला. उन्हाळा संपेपर्यंत थांबायला तिच्या घरात काही नव्हतं. ती खाणीवर आली.

मुन्शी बेलीराम तिला बघून हसला. "अरे वा, आता तर मेमसाहेब दिसतेस! तू ओझं उचलणार?"

"लिहायचं काम तुझं. उचलायचं माझं."

तिने नेहमीच्या निम्म्या पाट्या बांधल्या. खाली पोचली तेव्हा पट्टा रक्ताने ओला होता. तिने मला काही बोलू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी पट्ट्याखाली गादी घेतली, लोकरीची. लोकर चिकटली. पट्टा वर सरकवून टाळूवर घेतला, तर मान मागे जाऊन ती दरीकडे झुकली, मी दोर पकडला म्हणून वाचली. मग गद्दी जमातीच्या मेंढपाळांसारखा दोर खांद्यांवरून छातीवर घेतला. त्यात श्वास कोंडतो. चालता येतं, पण जे ओझं आम्ही एका दमात नेतो त्याला तिला पाच विसावे लागायचे. कांगड्याच्या बायकांनी तिला चुंबळ करून दिली. डोक्यावर वाहणं लहानपणी शिकायचं असतं. तिच्या पाट्या घसरल्या, दोन फुटल्या. बेलीरामने त्या तिच्या नावावर लिहिल्या.

जखम भरायची, ती पट्टा लावायची, जखम उघडायची. हकीमाने थांब म्हटलं होतं. ती थांबली असती तर कपाळ धरलं असतं का, मला माहीत नाही. ती थांबू शकत नव्हती हे मला माहीत आहे.

शेवटी ती तासायला बसली. पाट्यांच्या कडा छिनीने सरळ करायच्या. म्हातारे आणि लंगडे झालेले तिथे बसतात. बसून केलेलं कामही काम आहे, मी त्याला हलकं म्हणत नाही. पण तिच्या अंगाला ते मानवलं नाही. धूळ सगळी नाकातोंडात. ती खोकायला लागली. ज्या बाईच्या मागे मी धापा टाकत चाललो, ती बसल्या जागी धापा टाकायला लागली.

पुढच्या वर्षी मनसरीला मुलगा झाला. निरोप आला. आमच्यात बाळंतिणीला माहेरचं जातं: तूप, ओवा, तांदूळ, कोंबड्या. ते आईने पाठीवर डोको भरून न्यायचं. डोको म्हणजे पाठीवर घ्यायची बांबूची टोपली. सगळं जमवायला जसमतीने कुणाकुणाकडे काम केलं ते मी विचारलं नाही. डोको भरला आणि ती माझ्याकडे आली.

"काइँला, धारेपर्यंत नेशील?"

"हे काय विचारणं झालं!"

मी डोको घेतला. ती पुढे चालली, हात मोकळे. मी तिला रिकाम्या पाठीने चढताना कधी पाहिलं नव्हतं. चाल बिघडली होती. ओझं नसलं की पाय कुठे टाकायचा हे तिला कळत नव्हतं. मध्येमध्ये खोकायला थांबायची आणि मी थांबलो की रागावायची. "तू चल. ओझ्यावाल्याने थांबायचं नसतं."

सुबेदाराच्या घराच्या खालच्या वळणावर पाण्याची कुंडी आहे. तिथून घर दिसतं. तिथे ती म्हणाली, "आता दे."

"काय दे?"

"डोको. इथून मी नेते."

"दिदी, कपाळ."

"एवढ्याशा चढाला काय होतंय? पोरगी बघेल. हमालामागून चालत आलेली आई बघायची का तिने?"

"मी हमाल?"

"नाहीतर कोण, सुबेदार?" ती हसली. लग्नानंतर तिला मी पहिल्यांदाच हसताना पाहिलं. मी डोको दगडावर टेकवला. तिने पट्टा घेतला, जुन्या जागी बसवला, डोळे मिटले आणि उठली. उठणं सुरेख होतं. पुढे चाललीही नीट, पाय बरोबर जागी. मी मागे होतो. पोटऱ्या पूर्वीच्याच होत्या.

अंगणात पोचली तेव्हा रक्त नाकावरून उतरून हनुवटीपर्यंत आलं होतं. नाक शाबूत होतं. त्याला काही झालं नव्हतं. पण बघणाऱ्याला ते कसं कळणार?

सुबेदाराची बायको दारात आली आणि किंचाळली. "अगं बाई! नाक सुटलं का काय?"

"नाक नाही, समधिनी. कपाळ आहे. जुनंच आहे." जसमतीने डोको उतरवला आणि ओढणीने पुसायला लागली. पुसल्यावर जास्त आलं.

"थांबा, थांबा, आत नको. बाळंतिणीची खोली आहे. रक्ताच्या तोंडाने तान्ह्या पोरावर सावली पाडायची नाही."

"धुऊन येते कुंडीवर."

"धुतल्याने थांबणार आहे का ते?"

नव्हतं थांबणार. दोघींनाही माहीत होतं.

आतून मनसरीचा आवाज आला. "आमा आली का? आमा?"

"आले गं."

"आत ये ना! बघ ना याचं नाक, अगदी..." मग सासूने दारातून आत काहीतरी सांगितलं. मग मनसरी म्हणाली, आता हळू, पण भिंतीतून ऐकू आलं, "तुला कुणी उचलायला सांगितलं होतं? काइँला मामा होता ना बरोबर? आज सगळे येणार आहेत घरी."

जसमतीने डोको उघडला. कोंबड्या सोडल्या, तुपाचं मडकं काढून दिलं, फुटलं नाही ना ते बघून. सुबेदाराच्या बायकोने आम्हाला पडवीत चहा दिला. बाई वाईट नव्हती. रिवाज होता, आणि पाहुणे यायचे होते. आत पोर रडलं तेव्हा जसमतीने पेला खाली ठेवला. पोर गप्प झालं. तिने पेला पुन्हा उचलला.

उतरताना ती म्हणाली, "आवाज खणखणीत आहे."

"आहे."

"मुलगा अंगाने चांगला असणार."

"असणार," मी म्हणालो.

नामकरणाचं बोलावणं पदमलालकडे आलं. तिच्यासाठी निरोप होता की कपाळ सुकलं की सवडीने या. त्या वेळी जखमेत पू झाला होता आणि ताप होता. ताप उतरला तरी कपाळ काही सुकलं नाही. पदमलाल गेला, जेवून आला, मुलाचं नाव सांगून गेला.

नामकरणाच्या दिवशी ती खाणीवर होती. कपाळाला पट्टी, मांडीवर पाटी, हातात छिनी. मी भरलेलं ओझं घेऊन तिच्या जवळून निघालो. तिने मान वर केली. माझ्याकडे नाही, पाठीकडे पाहिलं.

"डाव्या बाजूचा दोर सैल आहे," ती म्हणाली. "वळणावर झुकेल."

मी ओझं टेकवलं, दोर सोडला आणि पुन्हा आवळून बांधला. तिने बघितलं, मान हलवली आणि पुढची पाटी मांडीवर घेतली.